न बोलणाऱ्याचे ऐकताना : स्वमग्न मुलांशी आणि मोठ्यांशी संवाद



आपल्या कामाच्या पाड्यांवर आणि भिवंडी शहरातल्या मंडळ्यांमध्येही एक प्रश्न वारंवार कानावर येतो. "या मुलाला ऐकू येते, पण हाक मारली तर बघत नाही. शब्द येतात, पण आपल्याशी बोलत नाही. याच्याशी बोलायचे तरी कसे?" अशा मुलाला कोणी 'येडा' म्हणते, कोणी 'मुका' म्हणते. पाड्यावर त्याला भगताकडे नेतात. आपल्या विश्वासी घरांतही काही वेळा त्याला दुष्टात्म्याची बाधा आहे असे कुजबुजले जाते. यांपैकी बऱ्याच मुलांच्या बाबतीत खरी गोष्ट वेगळी असते. ती मुले स्वमग्न असतात. इंग्रजी शाळांतले लोक याला ऑटिझम म्हणतात.

या लेखात उपचारांची माहिती थोडी आहे. स्वमग्न व्यक्तीशी बोलावे कसे आणि तिचे ऐकावे कसे, यावरच भर दिला आहे. आपण पाड्यांवर भेटीला जाता, रविवारशाळेत शिकवता, शेजारी राहता. या गोष्टी डॉक्टरांपेक्षा आपल्याच हाती अधिक आहेत.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता हा साथीचा रोग नाही, वेड नाही आणि बाधाही नाही. ती मेंदूच्या वाढीची वेगळी घडण आहे. ती लहानपणापासून असते आणि आयुष्यभर राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे साधारण शंभर ते सव्वाशे माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न असते. १९४३ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरचे डॉक्टर लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली, तेव्हापासून वैद्यकशास्त्रात या नावाने तिचा अभ्यास सुरू झाला.

ही घडण सर्वांमध्ये सारखी नसते. काही जण आयुष्यभर एकही शब्द बोलत नाहीत. काही जण भरपूर बोलतात, पण आपल्या आवडीच्या एकाच विषयावर. काही जण शिकून नोकरी करतात आणि ते स्वमग्न आहेत हे कोणाला कळतही नाही. मुलींमध्ये तर ती पुष्कळदा ओळखली जात नाही. मुलगी गप्प बसली की आपण तिला शहाणी म्हणतो.

तरीही काही खुणा बहुतेकांत दिसतात. इतरांचे हावभाव, सूर आणि न बोललेला अर्थ पटकन उमगत नाही. ठरलेला क्रम मोडला की जीव घाबरा होतो. आवाज, उजेड, वास किंवा स्पर्श फार तीव्र जाणवतो, किंवा उलट फार कमी जाणवतो. हात फडफडवणे, झुलणे, एखादी वस्तू फिरवत राहणे अशा हालचालींतून मन शांत होते.

आईवडिलांनी लाड केले नाहीत किंवा आई थंड स्वभावाची आहे म्हणून मूल असे होते, असे पूर्वी काही नामांकित तज्ज्ञही म्हणत. ते खोटे ठरून अनेक दशके झाली. लसीमुळे स्वमग्नता येते हा समजही असाच आहे. तो पसरवणारा १९९८ चा शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला. २०२२ च्या अखेरीस आपल्या भिवंडीत गोवराची साथ आली होती हे आपणास आठवत असेल. म्हणून ही गोष्ट घरोघरी ठामपणे सांगावी. पाड्यावर आणखी एक शंका येते: घरी कातकरी, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी, एवढ्या भाषांमुळे तर मूल गोंधळले नसेल? दोनतीन भाषा कानावर पडल्याने स्वमग्नता होत नाही. मुलाशी त्याच्या आईच्याच भाषेत बोलावे. ती सोडून मोडकी मराठी बोलायला आईला भाग पाडू नये.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला आहे. स्वमग्न मुलाच्या आईला भेटताना हे ध्यानात असू द्यावे. तिला हा प्रश्न सासरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि कधी कधी मंडळीतल्यांनीही विचारून झालेला असतो.

अडचण दोन्ही बाजूंना आहे

'स्वमग्न' या शब्दाचा अर्थ स्वतःत बुडालेला. मूळ शब्दही ग्रीक भाषेतील 'स्वतः' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. या नावामुळे एक गैरसमज पक्का होतो. या माणसांना इतरांची गरजच नाही, त्यांना भावना नाहीत, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पुष्कळ स्वमग्न माणसांना सोबत हवी असते, मैत्री हवी असते. आपली पद्धत त्यांना कळत नाही आणि त्यांची पद्धत आपल्याला कळत नाही.

स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये ही गोष्ट मांडली. त्यांचे म्हणणे सोपे आहे. दोन वेगळ्या घडणीची माणसे एकमेकांना समजून घेण्यात अडखळतात, तेव्हा दोष एकट्या स्वमग्न माणसाचा कसा? न समजण्याची अडचण दोघांचीही आहे. मग जुळवून घेण्याचे काम कोणी अधिक करावे? ज्याला ते अधिक सोपे जाते त्याने. तो आपण असतो.

आधी जागा, मग शब्द

भिवंडीकरांना यंत्रमागांची खटखट अंगवळणी पडली आहे. मागांच्या आवाजात ओरडून बोलायची आपल्याला सवय आहे. पण ज्याच्या कानांना प्रत्येक आवाज सारख्याच जोराने जाणवतो, त्याला त्या खटखटीतून आपले बोलणे वेगळे काढता येत नाही. पंखा, टीव्ही, बाहेरचा टेंपो, भांड्यांचा आवाज आणि आपला आवाज यांचा एकच कल्लोळ होतो. आपण अधिक मोठ्याने बोललो की कल्लोळ वाढतो.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात बहिऱ्या व बोलण्यात अडखळणाऱ्या माणसाची हकिकत आहे. त्यातील चमत्कारावर आपण बरीच प्रवचने ऐकली आहेत. त्याच्या आधीच्या ओळीकडे मात्र थोडे दुर्लक्ष होते. प्रभूने त्या माणसाला प्रथम गर्दीतून बाजूला नेले. त्यानंतर त्याच्या कानांना आणि जिभेला स्पर्श केला, म्हणजे त्याला ऐकू न येताही समजेल अशा रीतीने काय चालले आहे ते दाखवले. स्वमग्नता आणि बहिरेपण एक नव्हेत. पण क्रम शिकण्यासारखा आहे: आधी गर्दीपासून दूर जायचे, मग समोरच्याला कळेल त्या रीतीने बोलायचे.

म्हणून भेटीला गेल्यावर टीव्ही किंवा मोबाइलचा आवाज बंद करण्याची विनंती करावी. चारपाच जणांनी मुलाभोवती कोंडाळे करू नये. एकाने बोलावे, इतरांनी थोडे दूर बसावे. मूल अंगणात, झाडाखाली शांत राहत असेल तर बोलणे तिथेच करावे.

आपले बोलणे कसे असावे

१. समोरून, सावकाश जवळ जावे. मागून येऊन खांद्यावर हात ठेवणे, गाल ओढणे, डोक्यावरून हात फिरवणे हे आपल्याला प्रेमाचे वाटते. त्याला ते चटका बसल्यासारखे लागू शकते. हात पुढे करावा आणि तो धरायचा की नाही हे त्याच्यावर सोडावे.

२. आधी नाव घ्यावे, मग बोलावे. नाव न घेता बोललेले आपल्यासाठी आहे हे त्याच्या ध्यानात येईलच असे नाही.

३. वाक्ये लहान आणि सरळ असावीत. "आधी हात धू. मग जेव." एवढे पुरे. "अरे, किती घाण झालेत हात, असे जेवतात का कोणी, जा बघू धुऊन ये" या वाक्यात नेमके करायचे काय ते शोधावे लागते.

४. काय करू नये ते सांगण्यापेक्षा काय करावे ते सांगावे. "पळू नकोस" यात शेवटचा शब्द निसटला तर पळणेच उरते. "चाल" किंवा "थांब" म्हणावे.

५. म्हणी, टोमणे आणि थट्टा जपून वापरावी. "डोकं खाऊ नकोस", "पोटात कावळे ओरडतायत" हे शब्दशः घेणारी मुले आहेत. "आलोच" म्हणून अर्धा तास गेलात तर त्याच्या दृष्टीने आपण खोटे बोललात. "हे गाणे संपले की येतो" असे त्याला मोजता येईल ते सांगावे.

६. एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि वाट पाहावी. मनात दहापर्यंत सावकाश आकडे मोजावेत. ही दहा आकड्यांची शांतता आपल्याला फार जड जाते आणि आपण प्रश्न दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारतो. त्याच्यासाठी तो नवा प्रश्न होतो आणि विचार पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

७. "काय पाहिजे?" या मोकळ्या प्रश्नापेक्षा दोन वस्तू हातात धरून "पाणी की केळे?" असे विचारणे सोपे पडते. त्याने नजरेने किंवा बोटाने दाखवले तरी ते उत्तरच आहे.

८. "माझ्याकडे बघून बोल" असा आग्रह धरू नये. डोळ्यांत पाहणे आणि ऐकणे या दोन गोष्टी एकदम करणे काहींना जमत नाही. तो भिंतीकडे पाहत असेल, तरी तो ऐकत असू शकतो.

९. त्याच्यासमोर त्याच्याविषयी तो तिथे नसल्यासारखे बोलू नये. न बोलणाऱ्या मुलाला पुष्कळ समजत असते. "याचे काय होणार देव जाणे" हे वाक्य त्याने शेकडो वेळा ऐकलेले असते.

त्यांचे बोलणे ओळखावे कसे

काही मुले आपण विचारलेलेच परत म्हणतात. "पाणी पाहिजे का?" म्हटले की तेही म्हणते, "पाणी पाहिजे का?" पूर्वी याला निरर्थक पोपटपंची समजत. आता जाणकारांचे मत असे आहे की या पुनरुक्तीत बहुधा अर्थ असतो. पुष्कळदा ते "हो, पाहिजे" असते. "तुला भूक लागली" म्हणणारे मूल स्वतःच्या भुकेविषयी सांगत असते, कारण भुकेच्या वेळी त्याने आईकडून ऐकलेले शब्द हेच असतात.

काही पुनरुक्ती जुन्या असतात. आमच्या पाहण्यातील एक मुलगा अस्वस्थ झाला की "अंबाडी, अंबाडी, वाडा, वाडा" म्हणू लागे. हा जीपवाल्यांचा पुकारा आहे. लोक हसत. त्याच्या आईला मात्र अर्थ ठाऊक होता: "मला इथून जायचे आहे, घरी चला." त्याने तो पुकारा नेहमी घरी परततानाच ऐकलेला होता. म्हणून भेटीला गेल्यावर पहिला प्रश्न आईला, आजीला किंवा थोरल्या बहिणीला विचारावा: "हा असे म्हणतो तेव्हा त्याला काय सांगायचे असते?" त्यांच्याजवळ एक अख्खा शब्दकोश असतो. तो एका वहीत लिहून ठेवला तर अंगणवाडीताईंना, शिक्षकांना आणि डॉक्टरांना उपयोगी पडतो.

जे मूल मुळीच बोलत नाही, त्याचे वागणे हेच त्याचे बोलणे असते. जेवण ढकलून देणे, कान झाकणे, दाराकडे ओढत नेणे, यांतून ते काही सांगत असते. इथे एक धोका सर्वांनी लक्षात ठेवावा. नेहमी शांत असणारे मूल अचानक डोके आपटू लागले, स्वतःला चावू लागले किंवा रात्रभर जागू लागले, तर 'त्याची सवय आहे' म्हणून सोडून देऊ नये. दात दुखत असेल, कान फुटला असेल, बद्धकोष्ठता असेल, कोठे भाजले असेल. कोणी मारले असेल किंवा वाईट स्पर्श केला असेल, तेही त्याला सांगता येत नाही. अशा वेळी आधी पूर्ण अंग तपासावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

शब्दांशिवाय संवाद

बोलता येत नाही त्याला सांगण्याची दुसरी वाट द्यावी लागते. सर्वांत स्वस्त वाट म्हणजे चित्रे. पुठ्ठ्याचे तळहाताएवढे तुकडे घ्यावेत. त्यांवर ताट, पाण्याचा तांब्या, संडास, अंथरूण, आई, दुखते आहे, नको, पुरे अशी साधी चित्रे काढावीत किंवा फोटो चिकटवावेत. वरून पारदर्शक चिकटपट्टी लावावी. मुलाने पाण्याचे चित्र दिले की लगेच पाणी द्यावे. चित्र दिल्याने वस्तू मिळते हे कळले की मूल स्वतःहून चित्रे आणू लागते. 'नको' आणि 'पुरे' ही दोन चित्रे विसरू नयेत. नकार देण्याची सोय नसली की मूल ओरडून किंवा मारून नकार देते.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या डिझाइन विभागाने 'जेलो' नावाचे मोफत अ‍ॅप तयार केले आहे. त्यातील चित्र दाबले की फोन तो शब्द बोलतो. ते मराठीतही आहे. चित्रांची सवय लागली तर मूल बोलायचे राहील अशी भीती आईवडिलांना वाटते. अभ्यासांत तसे आढळलेले नाही. काही मुलांना उलट बोलण्यास मदतच झाली आहे.

वीटभट्टीच्या दिवसांत

आपल्या भागातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. स्वमग्न मुलासाठी हा बदल फार मोठा असतो. झोपडी बदलते, वास बदलतो, रात्री ट्रक येतात, आई पहाटेपासून मातीत असते. त्याला आधी काहीच सांगितलेले नसते. मग ते जेवण सोडते, पळून जाते, किंवा दिवसभर रडते.

भट्टीवर आग, मातीचे खड्डे, पाण्याची टाकी आणि मागे येणारे ट्रक असतात. अनेक स्वमग्न मुलांना पाण्याची फार ओढ असते आणि धोका मात्र कळत नाही. यामुळे काही आया मुलाला दोरीने खाटेला किंवा झाडाला बांधून कामावर जातात. बाहेरून पाहणाऱ्याला ते क्रूर वाटते. त्या आईजवळ दुसरा मार्ग नसतो. मजुरी बुडाली तर घेतलेली उचल फिटत नाही. तिला दोष देऊन दोरी सुटणार नाही. मुलावर लक्ष ठेवणारे माणूस मिळाले तर सुटेल.

या काळात पुढील गोष्टी करता येतात. निघण्याच्या आठपंधरा दिवस आधीपासून मुलाला चित्रांची पट्टी दाखवावी: आपले घर, मग टेंपो, मग भट्टी, मग पुन्हा आपले घर. शेवटचे चित्र महत्त्वाचे आहे. त्याचे जुने पांघरूण, जुने ताट आणि खेळायची वस्तू सोबत न्यावी, नवी कितीही चांगली असली तरी. गळ्यात किंवा कपड्याला आतून नाव, गाव आणि मोबाइल क्रमांक लिहिलेले कापड शिवावे. शेजारच्या झोपड्यांतील लोकांना सांगून ठेवावे: "हा हाकेला ओ देत नाही. दिसला तर ओरडू नका, समोर जा, हात पुढे करा." भट्टीवर शाळेत न जाणाऱ्या थोरल्या बहिणीवर हे काम पडू नये, एवढी काळजी मात्र घ्यावी. भट्टीवरची बालवाडी किंवा पाळणाघर चालले तर दोन्ही मुलांचे भले होते.

मूल अनावर होते तेव्हा

हट्ट आणि अनावर होणे यांत फरक आहे. हट्ट करणारे मूल अधूनमधून आपल्याकडे पाहते आणि वस्तू मिळाली की थांबते. आवाजाने, गर्दीने किंवा बदलाने मन भरून आल्यावर जे मूल अनावर होते, त्याला काही दिले तरी थांबता येत नाही. त्याला स्वतःलाच ते आवरत नसते.

अशा वेळी समजावू नये, रागावू नये, मारू नये. आपण कमी बोलावे. आवाज आणि माणसे कमी करावीत. टोकदार वस्तू, चूल, दगड बाजूला करावे. जवळ, पण अंगाला न लागता बसावे. झुलत असेल, हात फडफडवत असेल, तर ते थांबवू नये. त्यानेच ते शांत होते. वादळ गेल्यावर पाणी द्यावे आणि झोपू द्यावे. 'आता सांग, का असे केलेस?' हा प्रश्न त्या दिवशी विचारू नये.

मोठ्या वयाच्या माणसांशी

स्वमग्न मुले मोठी होतात. पंचवीस वर्षांच्या माणसाला 'बाळा' म्हणून, गोड आवाज काढून बोलू नये. इतरांना जसे 'दादा', 'ताई', 'तुम्ही' म्हणतो तसेच म्हणावे. प्रश्न त्यांना विचारावा, सोबतच्या आईला नव्हे. उत्तर आईने दिले तरी आपली दृष्टी त्यांच्याकडे असू द्यावी.

जे बोलतात त्यांच्यापैकी काहींना समोरासमोर बोलण्यापेक्षा लिहून सांगणे सोपे जाते. मोबाइलवर मजकूर पाठवावा. भेटीची वेळ, जागा आणि किती वेळ लागेल ते आधी कळवावे आणि पाळावे. ते तोंडावर स्पष्ट बोलले तर उद्धट समजू नये. ते आवडीच्या विषयावर बराच वेळ बोलले, तर ती मैत्रीची खूण असते. आपल्याला थांबवायचे असल्यास घड्याळ पाहत बसू नये, कारण तो इशारा पोहोचत नाही. "मला आता निघायचे आहे, उरलेले बुधवारी ऐकेन" असे सरळ सांगावे आणि बुधवारी ऐकावे.

उपासनेत आणि पाड्यावरच्या भेटीत

आपल्या उपासना आनंदाच्या असतात. ढोलक, कीबोर्ड, टाळ्या, मोठा ध्वनिक्षेपक. स्वमग्न मुलाची आई यामुळेच हळूहळू उपासनेला येणे सोडते. कोणी तिला 'येऊ नको' म्हणत नाही. लोक मागे वळून पाहतात, तेवढे पुरते. पाळकसाहेबांनी आणि वडीलजनांनी पुढील सोयी केल्या तर खर्च काहीच येत नाही. दाराजवळची, ध्वनिक्षेपकापासून लांबची जागा त्या कुटुंबासाठी ठेवावी. उपासनेचा क्रम चार चित्रांत काढून द्यावा. मूल उठून फिरले तर फिरू द्यावे. बाहेर बसण्यासाठी एक शांत खोली किंवा सावलीची जागा दाखवून ठेवावी.

प्रार्थनेविषयीही एक विनंती आहे. अशा मुलावर अनेकांनी एकदम हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केल्यास ते घाबरते आणि त्याच्या घाबरण्याचा भलताच अर्थ काढला जातो. त्याच्यासाठी जरूर प्रार्थना करावी, पण हळू आवाजात, दुरून आणि आईला विचारून.

पाड्यांवर नाताळच्या भेटी घेऊन येणाऱ्या देणगीदारांनाही हेच सांगायचे आहे. रांगेत उभे करून, फ्लॅश मारून, भेटवस्तू हातात धरलेला फोटो काढणे टाळावे. वस्तू घरी नेऊन द्यावी. त्याने हसून घेतली नाही तरी ती नकोशी झाली असे समजू नये.

मदत कोठे मिळते

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या ६ फेब्रुवारीला आपल्याच त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून सुरू झाला. त्याची वैद्यकीय पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात. विकासातील अडचणींच्या त्यांच्या यादीत स्वमग्नताही आहे. दीड-दोन वर्षांचे मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर 'बाप पण उशिरा बोलला होता' म्हणून थांबू नये. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना सांगून पथकाच्या दिवशी मुलाला हजर ठेवावे. भट्टीवर गेल्याने तपासणी चुकते, म्हणून तारीख आधी विचारावी.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातील वैद्यकीय मंडळ तपासून प्रमाणपत्र देते. तपासणीसाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने बनवलेली चाळीस मुद्द्यांची भारतीय मापनपट्टी वापरतात. त्यातील बरीच माहिती आईवडिलांच्या सांगण्यावर अवलंबून असते, म्हणून वर सांगितलेली वही सोबत न्यावी आणि घरची भाषा जाणणारे कोणी बरोबर जावे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. शाळेच्या मदतीसाठी पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करावी. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना स्वमग्न व्यक्तींनाही लागू आहे. अठरा वर्षांनंतर पालकत्वाची गरज पडल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो.

आपल्याकडून एवढे व्हावे

या तिमाहीत प्रत्येक मंडळीने एक काम हाती घ्यावे. आपल्या वस्तीत किंवा जवळच्या पाड्यावर असे एखादे कुटुंब असेल तर दोघा जणांनी दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी त्यांच्या घरी जावे. दर वेळी तेच दोघे असावेत. पहिल्या काही भेटींत मूल आपल्याकडे पाहणारही नाही. काही शिकवू नये, काही मागू नये, त्याच्याजवळ बसून ते जे करते आहे ते पाहावे. मधल्या वेळात आईला अंघोळ करता येईल, बाजार करता येईल, एक तास झोप घेता येईल. तिला या तासाची फार गरज असते.

रविवारशाळेच्या शिक्षकांसाठी पुठ्ठ्यांच्या चित्रांचे संच तयार करण्याचे कामही सुरू करायचे आहे. जुने पुठ्ठे, रंग आणि चिकटपट्टी ज्यांना देता येईल त्यांनी आपल्या पाळकसाहेबांकडे जमा करावे. कातकरी आणि वारली बोलणारे तरुण हवे आहेत, कारण चित्राखालचा शब्द मुलाच्या घरच्या भाषेत लिहायचा आहे आणि आईला तो तिच्याच बोलीत म्हणून दाखवायचा आहे.